चिंधानानावर नजर

आशाकुंज शिबिर,
शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी
मंगळवार, १९ मे २०२६

ती. ज्योतीअक्का हिस,
रुपचंदचा सा. सलाम. वि. वि.

चर्चच्या पोरांचं यंदाचं शिबिर काल सुरू झालं. मी रविवारीच पोचलो. प्रवासात मी शाबूत राहिलो, मसाल्याच्या डब्याचं झाकण मात्र राहिलं नाही. शिरपूर सोडलं की जहांगीरची गाडी रस्त्याने जात नाही, रस्त्यावरून उड्या मारते. हळद आणि धणेपूड एक झाली. तू म्हणशील, नाहीतरी भाजीत एकच होतात. होतात, पण केव्हा व्हायचं ते मी ठरवतो.

इथे टॉवर लागत नाही. लागला असता तरी उपयोग नव्हता, कारण शिबिराच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे मोबाईल आल्या दिवशी लोखंडी पेटीत जातात आणि किल्ली शिबिरप्रमुखांच्या, म्हणजे पुना सरांच्या कमरेला. मोबाईल देताना एकेका पोराचा चेहरा असा, जणू भूल न देता दात काढताहेत. तेव्हा आपली पत्रंच. जहांगीर धुळ्याहून एक दिवसाआड भाजी आणि बर्फ घेऊन येतो, त्याच्या हाती देत जाईन. तूही तसंच कर. मात्र पाकीट नीट चिकटव. जहांगीरवर माझा संशय नाही, पण वाचता त्यालाही येतं.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी समारोपाच्या दिवशी जेवण कमी पडलं, त्याचा बोभाटा तुझ्या देवपूरपर्यंत आला होता. यंदा समितीने मला बोलावलं ते एका अटीवर. काही कमी-जास्त झालं तर पुढच्या वर्षीपासून धुळ्याचा कॅटरर. पुना सरांनी हे तोंडावर सांगितलं. समारोप तीस तारखेला, शनिवारी. तो आटोपला की समिती बसणार आणि ठरवणार. अक्का, मला हे काम कोणी शिकवलेलं नाही. भुसावळला लोकांच्या लग्नांत भट्टीशेजारी उभा राहून, चटके खाऊन, मीच मला शिकवलं. हे स्वयंपाकघर मी लाकडाच्या चुलीच्या काळापासून सांभाळतोय. ते पनीर ट्रेमध्ये मांडून वर कोथिंबिरीचा तुरा खोचणाऱ्यांच्या हाती जाऊ देणार नाही. माझा अंदाज चुकत नाही. गेल्या वर्षी कोठारात कोणीतरी हात मारला, एवढंच.

आणि त्याची खूण आल्याआल्या मिळाली. माझा पितळी खलबत्ता गायब आहे. शिबिर उठलं की मी तो कोठारात वरच्या फळीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. फडकं आहे, खलबत्ता नाही. मिक्सरमध्ये मसाला तापतो आणि वासाला मरतो, हे मी इथे सगळ्यांना सांगून दमलो. मी वाढप्यांना विचारलं, झाडूवालीला विचारलं, पाण्याच्या टँकरवाल्यालाही विचारलं. मयुरी म्हणून एक नवी मुलगी व्यवस्था बघायला आली आहे, नाशिकला हॉटेलचं काहीतरी शिकलेली. तिच्या कानावर घातलं. ती म्हणाली, बघते हं काका. सारखी काका काका करते. आल्याआल्या काका म्हणणाऱ्यांपासून मी सावध असतो.

मग काल संध्याकाळी जेवणं झाल्यावर सगळ्यांना सभागृहात बोलावलं. यंदा म्हणे स्वयंपाकघरातल्यांनी आणि फाटकावरच्यांनीही यायचं. मी गेलो नाही. उडीद भिजत घालायचे होते आणि ते काम मी दुसऱ्याला देत नाही. सभा सुटल्यावर ही मयुरी खिडकीशी आली, एक घडी घातलेली चिठ्ठी माझ्या हातात दिली, म्हणाली, ही तुमची काका, कोणाला दाखवू नका, कोणाला बोलू नका. पुढे काही सांगणार तेवढ्यात तिला पोरींनी हाक मारली आणि ती पळाली. भट्टीच्या उजेडात उघडून पाहिली. एकच शब्द: चिंधा.

चिंधानाना म्हणजे आपला फाटकावरचा म्हातारा राखणदार. मी सकाळी चोरीची गोष्ट काढतो काय आणि संध्याकाळी गुपचूप नाव हातात येतं काय. आता मला कोणी काही समजावून सांगायला नको.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, तो उतू न जाईल इतपत वाढू दे.

तुझा भाऊ,
रुपचंद

---

देवपूर, धुळे
बुधवार, २० मे

चि. रुपचंद यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. हळदीत धणेपूड मिसळली आणि तुझ्या डोक्यात संशय, दोन्ही आता वेगळं होणं कठीण. जहांगीर पत्र देताना म्हणाला, भाऊंनी पाकिटाला एवढा डिंक लावलाय की उघडायला सांडशी लागेल.

रुपचंद, तू लहान होतास तेव्हा ख्रिसमसच्या करंज्या कमी झाल्या म्हणून शेजारच्या मांजरीच्या मागे दोन गल्ल्या फिरला होतास. करंज्या आईने पाळकांकडे पाठवल्या होत्या. तू त्या मांजरीची माफी मागितल्याचं मला आठवत नाही.

चिंधानानाला मी ओळखते. शिबिरात दवाखान्याची पेटी घेऊन मी यायची, तेव्हा त्याची बायको मला शेंगा भाजून आणून द्यायची आणि मी खाईपर्यंत समोरून हलायची नाही. ती या हिवाळ्यात गेली. तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू कोणाला विचारलं नसशील. मूलबाळ नाही. फाटकाजवळची ती खोली आणि ती राखण एवढंच त्याच्याजवळ उरलंय. तुझ्या तोंडून चोर हा शब्द निघाला तर समिती त्याला त्याच दिवशी गाठोडं बांधायला लावील. तुझं स्वयंपाकघर तुला हवं, मान्य. पण त्याची खोली जाऊन तुझं स्वयंपाकघर राहिलं तर त्या भट्टीवर तुझ्या हाताला चव येईल का, हा विचार कर.

चिठ्ठीचं मला काही समजलं नाही. सभेत काय बोलले ते कोणाला तरी विचार. विचारल्याने माणूस लहान होत नाही.

जहांगीरबरोबर तिळाची चटणी पाठवते आहे. बरणी माझी आहे, परत हवी.

लोभ आहे, तू बघत नसलास तरी राहील.

तुझी अक्का,
ज्योती

---

आशाकुंज
शनिवार, २३ मे

ती. अक्का हिस,
सा. सलाम. वि. वि.

चटणी पोचली. तीळ जरा जास्त भाजलेत. बरणी माझ्या पेटीत कुलपात आहे, काळजी करू नकोस. मांजरीचा विषय या पत्रात मी घेत नाही.

इथे जे चाललंय ते ऐक आणि मग मला वेडा म्हण.

बुधवारी सकाळी कांदा कापायला घेतला तर सुरी फळीपर्यंत सरळ गेली. कोणीतरी माझी सुरी धार लावून ठेवली होती. माझी सुरी! मला न विचारता! धार चांगली होती, हे मी कबूल करतो, म्हणूनच जास्त काळजी. दुसऱ्या दिवशी माझं खुंटीवरचं फडकं, कडेला फाटलेलं, ते शिवलेलं. टाका बारीक, दोरा रंगाला रंग जुळवून. त्याच दुपारी भट्टीमागच्या खिडकीला ओलं गोणपाट टांगलेलं, आत गार वारा. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. काल ओट्यावर झाकलेल्या पेल्यात लिंबाचं सरबत. कोणी ठेवलं, कोणाला माहीत नाही. मी ते खिडकीबाहेरच्या जास्वंदीला घातलं. जास्वंद अजून उभी आहे, पण विष हळू चढणारंही असतं.

आणि पेल्याखाली चिठ्ठी. मोठ्या अक्षरांत, ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने काढल्यासारखी: कोणीतरी तुम्हाला रोज बघतं आहे. काळजी करू नका. अक्का, असं लिहिल्यावर माणूस काळजी करील की नाही?

माझा हिशेब असा. मयुरी कॅटररची माणूस. तिला माझं स्वयंपाकघर आतून बघायचंय, म्हणून माझ्या वस्तूंना हात लावते आणि वर गोड वागते. चिंधानानाचं नाव तिने मला दिलं ते माझं लक्ष तिकडे गुंतवायला, किंवा तो खरंच चोर आहे म्हणून. दोन्ही असू शकतं. मी दोन्हीकडे लक्ष ठेवून आहे.

नानाला मी नजरेआड होऊ देत नाही. तो ताट घेऊन फाटकावर जायचा आणि एकटा जेवायचा. आता मी हाक मारून त्याला ओट्याशी माझ्यासमोर बसवतो, म्हणजे ताटाखालून काय जातं ते दिसावं. त्याला दात धड नाहीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी चावत नाही, जेवायला उशीर लावतो आणि माझी कामं खोळंबतात. म्हणून त्याच्यापुरती भाकरी मी दुधात कुस्करून देतो. पोट भरल्याशिवाय उठू देत नाही. भरल्या पोटी माणूस चोरी करत नाही, आणि केलीच तर हळू चालतो, सापडतो. कुठे निघालास, कुठून आलास, हे मी त्याला दर वेळी विचारतो. तो दचकतो, मग हसतो. दचकला म्हणजे काहीतरी आहे. दुपारी पोरं बायबल अभ्यासाला बसली की मी स्वतः फाटकावर त्याच्या बाजेवर जाऊन बसतो. तो मला डोंगरातल्या अस्वलाच्या गोष्टी सांगतो. मी ऐकल्यासारखं करतो आणि खोलीत काय काय आहे ते बघून घेतो. अस्वलाची एक गोष्ट बरी होती, भेटीत सांगेन.

बायको गेल्याचं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मीही विचारलं नाही. पण खुंटीवर अजून तिचं लुगडं आहे, घडी घातलेलं.

सभेत काय बोलले ते मी विचारलं नाही. ज्यांच्यावर संशय आहे त्यांनाच विचारायचं म्हणजे त्यांना सावध करणं. कोर्टातही असं करत नाहीत.

लोभ असावा, त्यात माझ्या बुद्धीवर थोडा भरवसाही असावा.

तुझा,
रुपचंद

---

देवपूर, धुळे
रविवार, २४ मे

चि. रुपचंद यास,
अ. उ. आ.

तीळ जास्त भाजले नव्हते. तुझी जीभ जास्त भाजली आहे.

आज उपासनेला गेले होते. सगळा वेळ तुझं पत्रच डोक्यात. पाळक काय बोलले विचारशील तर सांगता येणार नाही. अरे, विष घालणारा माणूस आधी तुझं फडकं शिवतो का? आणि शिवतो तर दोरा रंगाला रंग जुळवून शिवतो का? मी एवढी वर्षं दवाखान्यात काढली, पण गोणपाट ओलं करून खिडकीला लावणारा शत्रू पाहिला नाही. असा शत्रू मला या उन्हाळ्यात एक हवा आहे. इथे पंखा नुसता गरम हवा ढवळतो.

काहीतरी वेगळंच आहे, एवढं मला वाटतं. काय, ते समजत नाही. एक गोष्ट नीट बघून कळव. या वस्तू तुझ्याच वाट्याला येताहेत की तिथे आणखी कोणाच्या? पोरांच्या उशाशी, खिशात, चपलेत काही सापडतंय का? हसू नकोस, बघ.

आणि नानाला तू रोज समोर बसवून जेवू घालतोस, दुधात भाकरी कुस्करतोस, दुपारी त्याच्या बाजेवर बसून गोष्टी ऐकतोस. हे तू मला तक्रार म्हणून लिहिलंस. मी दोनदा वाचलं. तुला वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं.

लोभ आहे, तो तुझ्या डिंकापेक्षा घट्ट आहे.

तुझी,
अक्का

---

आशाकुंज
मंगळवार, २६ मे

ती. अक्का हिस,
सा. सलाम. वि. वि.

हे पत्र घाईत, कारण जहांगीर उद्यापासून ईदच्या सुट्टीवर जातोय. शनिवारपर्यंत गाडी येणार नाही, भाजी शिरपूरच्या बाजारातून आणायची. तू पत्र लिहिलंस तरी मला वेळेत मिळायचं नाही. तेव्हा काय घडलं ते ऐकून ठेव, मला थांबवायचा प्रयत्न करू नकोस.

पोरांच्या उशाशी वस्तू सापडतात, हे खरं. एका पोराला चपलेत गोळ्या सापडल्या, एका पोरीच्या बॅगेला कोणी रुमालाचं फूल बांधलं. ती आपसात खुसखुसतात आणि मी गेलो की गप्प होतात. म्हणजे ही एकटी मयुरी नाही, हे मोठं प्रकरण आहे.

काल दुपारी स्वयंपाकघर बंद करताना उंबऱ्याच्या आत बेसनाचा पातळ हात फिरवला. जात्यावरचं बारीक बेसन घेतलं, जाड घेतलं असतं तर ठसा फुटतो. चहाच्या वेळी उघडलं तर ठसे. बायकी चप्पल, डाव्या टाचेला झिजलेली. मयुरीची डावी टाच झिजलेली आहे, ते मी पहिल्या दिवशीच पाहून ठेवलं होतं. आणि ओट्यावर काय, तर माझ्या चष्म्याची ढिली काडी घट्ट करून ठेवलेली. चष्मा मी विसरलो होतो. आता मला स्वच्छ दिसतं, पण ते कोणाच्या उपकाराने, हा प्रश्न राहतोच.

पण खरी बातमी पुढे आहे. आज सकाळी नानाला मी विहिरीकडे लाकडं बघायला पाठवलं आणि त्याच्या खोलीत गेलो. बाजेखाली वाकून पाहिलं. तरटात बांधलेलं काहीतरी जड. तरटाची गाठ मी सोडली नाही, पण बोटाने दाबून पाहिलं. अक्का, त्या खलाच्या काठाला एक खोच आहे, माझ्याच हातून पडून आलेली. ती खोच माझ्या बोटाला लागली. माझा खलबत्ता.

मी तो तिथेच ठेवला. समितीसमोर काढायचा. पुना सरांना सांगून ठेवलंय की समारोपात मला दोन शब्द बोलायचेत, कोठारातल्या चोरीबद्दल. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि ठीक आहे म्हणाले. आता गेल्या वर्षीचं जेवण का कमी पडलं ते सगळ्यांना कळेल आणि कॅटररची बोलणी तिथेच थांबतील.

आज दुपारी नाना ओट्याशी येऊन बसला, नेहमीसारखा. मी ताट वाढलं. भाकरी कुस्करली. हाताला सवय झाली होती म्हणून. तो म्हणे, भाऊ, आज तू बोलस नही, तब्येत बरी शे ना? मी म्हटलं, बरी आहे, जेव.

मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. पण पुरावा तो पुरावा.

लोभ राहू दे, शनिवारनंतरही.

तुझा,
रुपचंद

---

देवपूर, धुळे
बुधवार, २७ मे

चि. रुपचंद यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळावं अशी प्रार्थना करून लिहिते आहे, आणि मिळणार नाही हे मला माहीत आहे.

काल जहांगीरने तुझं पत्र दिलं. त्याला उभ्याउभ्याच विचारलं की शिबिरातली पोरं सध्या काय करतात. तो हसायला लागला. म्हणाला, अक्का, दर फेरीला कोणी ना कोणी गाडीमागे येतं, गुपचूप गोळ्या मागवतं, बांगड्या मागवतं, पेन मागवतं, आणि वर बजावतं की चाचा, कोणाला बोलायचं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मी स्वतःला दोन थपडा मारून घ्यायची बाकी राहिले.

अरे वेड्या, हा गुप्त मित्राचा रिवाज! आमच्या वेळी फक्त मुलींच्या खोलीत असायचा, म्हणून तुला माहीत नाही आणि मी विसरले. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या करतात. ज्याच्या हाती जी येईल त्याने शिबिरभर त्या माणसासाठी प्रार्थना करायची, त्याला कळू न देता त्याची काळजी घ्यायची, लहानसहान वस्तू ठेवायच्या. समारोपात सगळे आपापला मित्र ओळखतात. यंदा तुम्हा लोकांनाही घेतलं असणार, म्हणूनच सभेला बोलावलं होतं. तू उडीद भिजवत बसलास. शेवटी उरलेली चिठ्ठी त्या पोरीने तुला आणून दिली.

तुझं नाव मयुरीला आलं. म्हणून सुरी, म्हणून गोणपाट, म्हणून सरबत. आणि चिंधा हे चोराचं नाव नव्हतं, रुपचंद. ज्याला सांभाळायचं त्या माणसाचं नाव होतं.

खलबत्त्याचं मला माहीत नाही. पण तू वाढप्यांना विचारलंस, झाडूवालीला विचारलंस, टँकरवाल्याला विचारलंस. नानाला विचारलंस का? तुझी सगळी पत्रं पुन्हा पाहिली. नाही विचारलंस.

पुना सर रोज टेकडीवर जाऊन फोन घेतात, मला ठाऊक आहे. दोनदा नंबर काढला आणि ठेवला. काय सांगू त्यांना? माझा भाऊ तुमच्या राखणदाराला चोर म्हणणार आहे, असं? तो शब्द माझ्याच तोंडून आधी पोचला असता. गुडघा धड असता तर एसटीने मीच आले असते. पोस्टात टाकलं तर शिबिर उठल्यावर मिळेल. म्हणून जहांगीरच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या, मदिनाच्या हातात ठेवते. शनिवारी तो पहिल्याच फेरीला आणील.

सभेत उभा राहण्याआधी त्या माणसाला एकदा विचार. एवढंच.

लोभ आहे. तो आज जरा घाबरलेला आहे.

तुझी,
अक्का

---

आशाकुंज
रविवार, ३१ मे

ती. अक्का हिस,
सा. सलाम. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं, समारोपाची भांडी घासायला काढली तेव्हा. मी बुधवारी धुळ्याला येतोच आहे, पण तुझ्यासमोर बसून हे सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहितो. जहांगीर भाड्याची पातेली घेऊन आज परत जातोय, त्याच्या हाती देतो. पाकिटाला डिंक लावलेला नाही.

काल दुपारी उन्हं कलल्यावर चिंचेखाली सगळे गोल बसले. पालक आले होते, समिती खुर्च्यांवर. मी मागे उभा होतो, काय बोलायचं ते मनात घोळवत. वाक्यं मी नीट रचली होती. पुना सर उठले आणि पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी तो गुप्त मित्राचा रिवाज पहिल्यापासून समजावून सांगितला. यंदा आम्ही आमच्या स्वयंपाकघराला आणि फाटकालाही त्यात घेतलं, म्हणाले.

अक्का, खिशातली चिठ्ठी मला शर्टातून लागायला लागली.

मग सरांनी वयाचा मान म्हणून चिंधानानाला आधी बोलावलं. नाना आला. हातात तरटाचं गाठोडं. आकारावरूनच मी ओळखलं. वाटलं, याने स्वतःला पकडून दिलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, नाना, मागे जा.

तो गोलाच्या मध्ये उभा राहिला. सरांनी विचारलं, नाना, तुमचा मित्र कोण, ओळखा. नाना म्हणे, त्यात वळखाचं काय शे, माले तं पहिला दिवसलेच समजी गयतं. आणि त्याने माझ्याकडे हात केला. म्हणे, तो रांधणारा भाऊ. बाकीची लोकं लपवी लपवी करतस, याले लपवताच येस नही. सगळे हसले. मग तो म्हणाला की मनी बायको गयी तवपासून मी कोठे जास, कोठून येस, माले कोनी इचारस नही. हाऊ भाऊ रोज इचारस. समोर बसाडीसन जेवाडस. दुपारले मना बाजवर इसन बसस. मी खोलीमा जास तोपर्यंत देखत ऱ्हास.

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने तरटाची गाठ सोडली. खलबत्ता चिंच आणि राखेने असा घासलेला की त्यात चिंचेची पानं दिसत होती. नाना म्हणाला, पावसाळ्यात भंगारवाल्यांनी कोठाराचं कुलूप तोडलं होतं. दोन पिंपं नेली. हा भाऊचा जीव की प्राण, म्हणून मी तो त्याच रात्रीपासून बाजेखाली ठेवला. भाऊ विचारील तेव्हा देऊ म्हटलं. पण भाऊने सगळ्यांना विचारलं, मलेच नही इचारं. मंग म्हटलं, आखरी दिवसले देसू.

मी पुढे गेलो. खलबत्ता घेतला. पुना सर म्हणाले, चिठ्ठी दाखवा. मी खिशातून काढून दाखवली. घामाने ओली झाली होती, पण नाव वाचता येत होतं. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. नानाने माझे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे हात माझ्यापेक्षा खरखरीत आहेत.

मग सर म्हणाले, रुपचंदभाऊ, तुम्हाला दोन शब्द बोलायचे होते ना? समितीतले सगळे माझ्याकडे बघत होते. सरही बघत होते, तसेच, त्या दिवशी बघितले होते तसे. मी म्हणालो, पानं मांडा, भरीत गार होतंय.

एवढेच शब्द मी बोललो.

जेवण पुरलं. नंतर मयुरी आली, माझ्या नावाची चिठ्ठी दाखवून म्हणाली, काका, ओळखलं असतंत तर बरं झालं असतं, मी सरबत रोज जास्वंदीला जाताना बघत होते. मी म्हटलं, तिला आता कळी आली आहे. ती म्हणाली, आणि बेसनातून चालताना मला वाटलं, काकांच्या हातून सांडलं असेल. तिच्या चपलेला नवी टाच लावून देतो म्हणालो, मला ते येतं.

समितीने स्वयंपाकघर माझ्याकडेच ठेवलं. अट एकच. पुढच्या वर्षी पहिल्या संध्याकाळच्या सभेला मी हजर राहायचं, उडीद कोणीही भिजवो. गेल्या वर्षी जेवण का कमी पडलं ते कळलेलं नाही, आणि आता कोणी विचारतही नाही.

तू लिहिलंस, त्या माणसाला विचार. उशीर झाला. माफी माग असं तू लिहिलेलं नाहीस, पण भेटीत म्हणशील, मला ठाऊक आहे. मी मागितलेली नाही. मागायची म्हणजे सांगावं लागेल की मी कोणत्या नजरेने बघत होतो. ते सांगितलं तर माझं मन हलकं होईल आणि त्याला जे मिळालं ते जाईल. हा सौदा मला पटत नाही. तुला पटतो का ते बुधवारी सांग. तोपर्यंत हे तुझ्या-माझ्यात.

आज शिबिर ओस पडलं आहे. पोरांच्या बसेस गेल्या, मोबाईल मिळाल्यामुळे जाताना एकाचंही लक्ष नव्हतं. दुपारी मी दोघांपुरतंच भरीत केलं, मिरची त्याच खलात कुटली. नाना जेवला. मी भांडी आवरत होतो. आता त्याच्यावर नजर ठेवायचं काही कारण उरलेलं नाही, म्हणून मी पाठ करून होतो. तो उठला, बाहेर निघाला. मी वळलो आणि विचारलं, नाना, कुठे निघालास? आणि अक्का, या वेळी मला खरंच माहीत हवं होतं.

नाना उंबऱ्यावर थांबला. म्हणे, कोठेच नही भाऊ. तू इचारस का नही, ते देखी ऱ्हायनू.

बरणी घेऊन येतो. लोभ जसा आहे तसा असू दे, मी आणखी मागत नाही.

तुझा भाऊ,
रुपचंद